सतरा नंबरचा लूम मिरवणुकीत

लूम आजारी पडायच्या आधी हेमराजला कळायचं! निदान तो तसं छातीठोकपणे सांगायचा. "वैद्य माणसाची नाडी बघतो, मी लूमची बघतो. आणि तीही लांबून, हात न लावता!" हे वाक्य त्याने लग्नात सांगितलं, बारशाला सांगितलं आणि एकदा दहाव्यालाही सांगितलं. तिथे त्याला लोकांनी खाली बसवलं.

सहा वर्षं तो सुरतच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात पीएचडी करत होता. विषय होता कारखान्यातल्या यंत्रांचं बिनतारी जाळं. प्रत्येक लूमला, म्हणजे कापड विणायच्या यंत्रमागाला, साबणाच्या वडीएवढा एक डबा. डब्याच्या पाठीला लोहचुंबक, पुढे लुकलुकणारा हिरवा दिवा आणि पोटात सेन्सर. लूम किती थरथरतो, किती तापतो हे तो डबा हवेतून कारखान्याच्या कोपऱ्यातल्या गेटवे नावाच्या पेटीला सांगणार, गेटवे ते हेमराजच्या लॅपटॉपला सांगणार, आणि लॅपटॉप सांगणार की अमुक लूमचं बेअरिंग इतक्या मिनिटांत जाणार!

"पल्ला तीन किलोमीटर! विलंब दोन सेकंद!" हेमराज म्हणायचा. हे दोन आकडे त्याच्या जिभेवर गायत्री मंत्रासारखे होते.

ज्या खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, हे चोवीस डबे बसवले होते, तिथे त्याचे वडील दगा आबा एकतीस वर्षं मास्टर होते. लूम बिघडला की लोक आबांना बोलवायचे. आबा लूमवर तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि दुखणं सांगायचे.

"आबा, तुमच्या हाताचा पल्ला किती?" हेमराज चिडवायचा.

"हात पुरस तठलगून," आबा म्हणायचे आणि तंबाखू मळायला लागायचे.

एवढी ऐट असूनही हेमराज आतून पार घाबरलेला होता. दोनदा मुदतवाढ घेऊन झाली होती आणि महिनाअखेरीस त्याची नोंदणी संपत होती. नागपूरहून परीक्षक सुमन मॅडम येणार, खात्यात उभं राहून प्रत्यक्ष काम बघणार आणि सही करणार किंवा करणार नाहीत. फोनवर त्यांनी एकच अट घातली होती. "एक बिघाड मला आधी सांगून दाखवा. मोडल्यावर तर आमचा वॉचमनही सांगते!"

त्यांनी दोन वार दिले, सोमवार किंवा गुरुवार. आठवड्याच्या सुरुवातीला आबांच्या खात्यात कामाची घाई कमी असते, असा हिशेब करून हेमराजने ताबडतोब सोमवार पक्का केला.

हे ऐकून त्याची आई सरलाबाई लाटणं घेऊनच बाहेर आल्या. "आरे, सोमवारले तं आपली कानबाई जास!"

कानबाई म्हणजे खान्देशी घरातली श्रावणातली पाहुणी देवी. रविवारी येते, सोमवारी वाजतगाजत तळ्यावर जाते. त्या दोन दिवसांत सुरतमधल्या नवागामच्या खान्देशी वस्तीत तुम्ही सोन्याचा लूम लावलात तरी तो चालवायला माणूस मिळणार नाही! पण सहा वर्षांत हेमराजच्या डोक्यात सिग्नलशिवाय दुसरं काही शिरलंच नव्हतं.

"तू चिंता नको करू," आबा म्हणाले. "चार गडी मी थांबाडस. लूम चालतीन."

मग रविवार आला. हेमराज कॉलेजात बसून स्लाइड रंगवत होता. सरलाबाईचा तीनदा फोन.

"आरती आठ वाजता शे. ये."

"माय, स्लाइड राहिल्यात!"

"मंग स्लाइडले बी लई ये. परसाद शे बठ्ठास्ले पुरे इतला."

हेमराज गेला नाही. त्याने लॅपटॉप उघडला. खातं बंद, कुलूपबंद; पण चोवीसच्या चोवीस डबे स्क्रीनवर हजर. बरं वाटलं! आणि आठ वाजून वीस मिनिटांनी सगळे डबे एकदम थरथरायला लागले. दहा मिनिटं थरथरले आणि थांबले. बंद खात्यात? हेमराजने डोकं खाजवलं, भूकंपाच्या बातम्या शोधल्या, आणि शेवटी प्रबंधाच्या पान एकशे त्रेचाळीसवर एक टीप टाकली: 'रात्री ८.२० वाजता अज्ञात कंपन. बहुधा जवळून गेलेलं अवजड वाहन.' आपल्या शास्त्रीय बाण्यावर तो स्वतःच खूश झाला आणि त्याने रातोरात तीन प्रती छापून घेतल्या.

आता शनिवारी काय झालं होतं ते सांगायला हवं, कारण ते हेमराजला कोणी सांगितलंच नव्हतं.

फार वर्षांपूर्वी कानबाईच्या सुट्टीत आबांचे नट आवळायचे पाने चोरीला गेले होते. तेव्हापासून सुट्टी लागली की मोलाची वस्तू घरी न्यायची, हा आबांचा नेम. यंदा खात्यात सगळ्यात मोलाची वस्तू कोणती? मुलाचे डबे! शनिवारी संध्याकाळी त्यांनी चोवीस डबे एकेक करून उपटले, पिशवीत भरले आणि घरी आणले. सोमवारी सकाळी परत लावू, त्यात काय!

पण घरी सरलाबाई होत्या. त्यांनी पिशवी उघडली आणि चोवीस हिरवे दिवे लुकलुकले.

"माय वं! हाई तं इतलं गोड दिसस!"

कानबाईचं मखर पत्र्याचं. डब्याच्या पाठीला चुंबक. पुढचं काय सांगायचं? तेवीस डबे टपाटप मखराला चिकटले. चोविसावा, नेमका सतरा नंबरचा, अंगणात उभ्या असलेल्या, शेजारच्या किरणच्या लारीच्या आसाला चिकटला. ही हातगाडी मिरवणुकीत स्पीकर वाहणार होती. तिला वाईट वाटू नये म्हणून तिलाही एक दिवा!

सोमवारी सकाळी आबा डबे काढायला गेले, तर सरलाबाई आडव्या आल्या. "मखरले हात लावू नका. देवी तळावर जाई येवाशिवाय काहीच निंघाव नही."

आबांनी वाद घातला नाही. एकतीस वर्षं लूमशी आणि पस्तीस वर्षं सरलाबाईंशी संसार केलेला माणूस! त्यांनी फक्त विचार केला. पल्ला तीन किलोमीटर, असं पोरगं रोज बोंबलून सांगतं. घर ते खातं सव्वा किलोमीटर. म्हणजे डबा घरी बसूनही लूमचं सगळं ऐकणारच की! मुलगा शिकलेला, खोटं कशाला बोलेल? आणि ते निश्चिंत मनाने खात्यात आले, चार गड्यांना घेऊन चोवीस लूम चालू करून बसले.

बरोबर दहा वाजता हेमराज सुमन मॅडमना घेऊन आला आणि थेट काचेच्या केबिनमध्ये शिरला. बाहेर लूमचा असा खडखडाट की भिंतीवरचं कॅलेंडर नाचत होतं. त्याने ऐटीत लॅपटॉप फिरवला.

"मॅडम, बघा! लूमची नाडी!"

स्क्रीनवर चोवीस ओळी. प्रत्येकीपुढे एकच शब्द: बंद.

मॅडमनी चष्मा वर केला. "बंद? मग हा आवाज काय माझ्या पोटातून येऊन राहिला का?"

"दोन सेकंद विलंब असतो, मॅडम."

दोन सेकंद झाले. दोन मिनिटं झाली. हेमराजने लॅपटॉप बंद केला, चालू केला, थोपटला. शेवटी काचेआडून त्याने दोन्ही हात हलवून आबांना विचारलं, काय झालंय? आबांना वाटलं, मॅडमला बोलायला शांतता हवी आहे. त्यांनी गड्यांना खूण केली. खटाखट सगळे लूम बंद!

आणि त्याच क्षणी स्क्रीनवर चोवीसही लूम चालू झाले!

नुसते चालू नाही, थयथया नाचायला लागले. एकेका ओळीत असे उंच शेंडे, की हेमराजने सहा वर्षांत पाहिले नव्हते. बाहेर खात्यात तर टाचणी पडली तरी ऐकू यावी!

"अजब आहे," मॅडम म्हणाल्या. "चालतात तेव्हा बंद, आणि बंद असतात तेव्हा नाचून राहिले. हा रकाना कशाचा आहे?"

"तो... अंतराचा. सिग्नलच्या जोरावरून डबा किती लांब आहे याचा अंदाज येतो. पण तो कोणी बघत नाही, मॅडम. लूम काय कुठे जातो थोडाच?"

मॅडमनी रकाना उघडला. अकराशे ऐंशी मीटर. बघता बघता अकराशे वीस. मग हजार चाळीस.

"हेमराज," मॅडम हळूच म्हणाल्या, "तुमचे लूम येऊन राहिले."

हेमराजने पहिल्यांदाच केबिनमधून नीट बाहेर पाहिलं. एक नंबरच्या लूमवर डबा नव्हता. दोनवर नव्हता. तो धावतच बाहेर आला.

"आबा! डबा कोठे शेतस?"

"घर."

"घर?!"

"मंग? तीन किलोमीटर तूच सांगस ना?"

हेमराजच्या डोक्यात उजेड पडला. सहा वर्षं! सहा वर्षं त्याने अख्ख्या जगाला पल्ला सांगितला, पण डबा फक्त जिथे चिकटलाय तिथलंच ऐकतो, आणि पल्ला म्हणजे ते किती लांब कळवतो, हे स्वतःच्या बापाला सांगायचं राहून गेलं! त्याला रडूच यायला लागलं. आत जाऊन त्याने मॅडमना सगळं खरं खरं सांगितलं. खोटं बोलायला तोंडच उरलं नव्हतं.

मॅडम उठल्याच. पर्स खांद्याला लावली. "मग मी कशावर सही करू? नोंदणी तर तुमची संपलीच म्हणायची."

तेवढ्यात लॅपटॉप किंचाळला. स्क्रीनवर लाल ओळ: 'क्रमांक १७. बेअरिंग जाणार. अंदाजे नऊ मिनिटं.'

"हा सतरा कशाला लावलाय?"

"माहीत नाही, मॅडम," हेमराज रडवेल्या आवाजात म्हणाला. "पण ज्याला लावलाय, ते मोडणार!"

मॅडमनी घड्याळ बघितलं. पर्स टेबलावर ठेवली. "नऊ मिनिटं मी थांबते. दहावं नाही."

मोठं नशीब! पण मोडणार काय? आणि कुठे? लूम आठशे मीटरवर आले. सहाशेवर आले. आता गाणं ऐकू यायला लागलं. हेमराजने हात जोडले. रविवारी देवीपुढे डोकं टेकायला त्याला वेळ नव्हता. आता तो मनातल्या मनात लोळण घेत होता. कानबाई माय, काहीतरी मोड! माझं मोडण्याआधी दुसऱ्या कशाचंही मोड!

आठव्या मिनिटाला तळ्याकडे निघालेली मिरवणूक खात्याच्या फाटकाशी आली. बायका फुगड्या घालत होत्या. मधे सरलाबाई, डोक्यावर पाट, पाटावर नटलेली कानबाई. मागे दोघांनी उचललेलं मखर, त्यावर तेवीस हिरवे दिवे. आणि सगळ्यांच्या मागे किरणची लारी, वर हे एवढाले स्पीकर, आणि आसाला एकटाच लुकलुकणारा सतरा नंबर!

"लारी!" हेमराज ओरडला. "मॅडम, लारी मोडणार!"

सगळे फाटकाकडे धावले. नववं मिनिट. लारी खड्ड्यात गेली, हेमराजने श्वास रोखला, आणि लारी खड्ड्यातून ठणठणीत बाहेर आली.

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं.

कटाक! डावं चाक लारीला रामराम ठोकून एकटंच पुढे निघालं. लारी बसली, स्पीकर कलंडले, गाणं सुरातच आडवं झालं.

"मोडली! मोडली!" हेमराज रस्त्यावर नाचायला लागला. "बेअरिंग गेलं! देवा, गेलं!"

"हसू ऱ्हायना?" किरण पाना घेऊनच धावला. "मनी लारी मोडनी आनि तू नाची ऱ्हायना?" चौघांनी धरला नसता तर प्रबंधाला लेखक उरला नसता.

दगा आबा शांतपणे वाकले. आसावर तळहात ठेवला, डोळे मिटले. "बेअरिंगच शे. मी कालच सांगं व्हतं याले."

मॅडम हसल्या. पहिल्यांदाच! "आधी सांगितलं आणि नंतर मोडलं. लूम काय, लारी काय, बेअरिंग ते बेअरिंग. सव्वा किलोमीटरवरून, एवढ्या दाट वस्तीतून सिग्नल आला, हेही काही कमी नाही. द्या तो कागद."

आणि लारीवर कागद टेकवून त्यांनी सही केली! हेमराज डॉक्टर झाला! आबांनी तंबाखूची चंची खिशात ठेवली आणि उगाचच डोळ्यांत कचरा गेल्यासारखं केलं.

"फक्त एक दुरुस्ती," मॅडम प्रबंध चाळत म्हणाल्या. "पान एकशे त्रेचाळीस. रविवारी रात्री आठ वीसला हे कोणतं अवजड वाहन गेलं बाप्पा?"

डोक्यावरच्या देवीला सावरत सरलाबाई पुढे आल्या.

"वाहन नही, बाई. आमनी आरती व्हती ती. आठलेच व्हती खरं तं. पन हाऊ पोऱ्या आते येस, मंग येस करत बठ्ठा जन थांबनूत. वीस मिनिट यानी वाट दखी, मंग ढोल लागना वाजाले."

दोन सेकंदांचा आकडा आज हेमराजच्या जिभेवर येईना.

मॅडमनी तिन्ही प्रती त्याच्या हातात दिल्या आणि पेन पुढे केलं.

"लिहा, डॉक्टर. कंपनाचं कारण: आरती. विलंब: वीस मिनिटं. विलंबाचं कारण: संशोधक."