गुलब्यासाठी कुत्र्याचं पुस्तक

हिराजीकाकांनी आपला म्हातारा बैल कुत्र्याच्या पुस्तकाप्रमाणे सांभाळला. हे मी गमतीने लिहीत नाही. पुस्तक इंग्रजी होतं, काकांना इंग्रजी येत नव्हतं आणि ते वाचून मराठीत सांगायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून मला खात्रीने माहीत आहे. पुस्तकात जिथे जिथे कुत्रा येईल तिथे तिथे मी 'गुलब्या' म्हणायचं, एवढीच त्यांची अट होती.

भिवंडीजवळ कशेळीला आम्ही भाड्याने राहतो ती इमारत काकांची. समोरची गोदामंही त्यांचीच. जिथे आज दिवसभर ट्रक मागे-पुढे होतात, तिथे त्यांची भाताची शेती होती. आता सगळीकडे सिमेंट. फक्त दोन गोदामांच्या मधे पत्र्याचा एक गोठा उरला होता, त्यात गुलब्या, आणि गुलब्याच्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर काका. पांढरा शर्ट, गळ्यात जाड चेन, पायात रबरी चप्पल. नवखे ट्रकवाले त्यांना वॉचमन समजून पार्किंगची जागा विचारत. काका त्यांना जागा दाखवत, मालक कोण ते सांगत नसत.

त्यांच्या एका गोदामात ऑनलाइन मागवून परत केलेला माल येतो. तिथून एकदा कोपरे दुमडलेल्या पुस्तकांचा खोका बाहेर टाकला गेला. वरच्याच पुस्तकावर एक गोरी बाई सोनेरी कुत्र्याच्या गालाला गाल लावून बसली होती. काकांनी ते चित्र बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "ही बाय आपल्यातली हाय." मग खोका उचलून थेट आमच्या दारात. माझ्या बाबांना म्हणाले, तुमची पोरगी इंग्लिश शाळेत शिकलेली आहे ना, संध्याकाळी जरा पाठवा.

मला कोणाला नाही म्हणता येत नाही. नाही म्हणायला आधी तोंड उघडावं लागतं.

बैलांवर मराठी पुस्तक नव्हतं असं नाही. काकांच्या मुलाने, निलेशदादाने, कुठल्याशा कृषी प्रदर्शनातून एक आणून दिलं होतं. काकांनी ते चाळून परत केलं. "ह्याच्यान बैलापासून आपल्याला काय मिलतंय ता लिवलंय. बैलाला काय पायजे ता कुठं हाय?" त्यामुळे गुलब्या कुत्र्याच्या पुस्तकाकडे गेला.

लेखिकेचं नाव काकांनी कधी विचारलं नाही. ती 'बाय'. "बाय काय म्हनते आज?" असं म्हणून ते खुर्ची माझ्याकडे सरकवायचे आणि स्वतः पेंढ्याच्या भाऱ्यावर बसायचे. बाय म्हणायची, रोज थोडं अंग घासा. काका मान डोलावत. बाय म्हणायची, नखं वेळच्या वेळी कापा. काका गुलब्याच्या खुरांकडे बघत आणि म्हणत, "बाय शानी हाय. पन तिला बैल न्हाय." हा शेरा त्यांनी इतक्या वेळा मारला की पुढे पुढे मला त्या बाईची कीव येऊ लागली. एवढी शहाणी, आणि बैल नाही.

पहिला गोंधळ बक्षिसाच्या धड्याने झाला. प्राणी चांगला वागला की लगेच खाऊ द्या, असं त्यात होतं. काकांनी शर्टाच्या खिशात गूळ ठेवायला सुरुवात केली. गुलब्या उठला, गूळ. बसला, गूळ. त्याने काही केलं नाही तर 'शांत ऱ्हायला' म्हणून गूळ. काकांच्या शर्टाला मुंग्या लागल्या आणि गुलब्याने असा निष्कर्ष काढला की जगातल्या प्रत्येक खिशात गूळ असतो. एक कंपनीवाला साहेब गोदाम बघायला आला होता. त्याच्या कोटाच्या खिशात गुलब्याने तोंड घातलं आणि मोबाइल चाटून ओला केला. साहेब पांढराफटक पडला. निलेशदादा हात जोडून माफी मागत होता आणि काका मागून समजावत होते, काय करनार न्हाय ओ, खिशान गूल हाये का बगतो.

मग खेळण्यांचा धडा आला आणि गुलब्याला ट्रकचा टायर मिळाला. त्याने तो एकदा हुंगला आणि त्यावर हनुवटी ठेवून झोपला. म्हाताऱ्या कुत्र्यांच्या सांध्यांना मऊ बिछाना लागतो, असं वाचलं त्या आठवड्यात टेम्पोतून डबल गादी आली. निलेशदादा म्हणाला, "बाबा, चादर कुठल्या रंगाची हवी तेही त्याला विचारा." काकांनी माझ्याकडे वळून विचारलं, बायने रंगाचं काय लिवलंय का?

काका पुस्तकं नुसती ऐकत नव्हते, लोकांना वाचायलाही सांगायचे. भिवंडीत लूमचा कारखाना असलेले त्यांचे जुने मित्र इब्राहिमचाचा कबुतरं पाळतात. खोक्यातलं पोपटांचं पुस्तक काकांनी त्यांना बळेच दिलं. चाचा म्हणाले, हिराजी, माझ्या आजोबांपासून घरात कबुतरं आहेत. काका म्हणाले, मग आजोबांनी काय चुका केल्या त्या तरी कळतील. पुढच्या भेटीत चाचांनी कबूल केलं की कबुतरांचं पाणी आता दोन वेळा बदलतात. पण पुस्तकामुळे नाही, असं दोनदा सांगितलं.

एक धडा मात्र माझ्या अंगावर आला. बुजऱ्या पिल्लाला पलंगाखालून ओढून काढू नका, असं त्यात होतं. त्याच्या जवळ बसा, दुसरीकडे बघा, ते आपण होऊन येईल. काकांनी तो पुन्हा वाचायला लावला आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात माझ्या आईला गाठलं. मी वरच्या पायरीवर होते. "वहिनी, हिला पन तसाच करा. पाव्हन्यांसमोर बोल बोल नका करू. दुसरीकडं बगा." आई घरात येऊन चिडली, म्हणाली, आता बैलवाला मला मुलगी वाढवायला शिकवणार. पण त्यानंतर पाहुणे आले की ती खरोखर खिडकीबाहेर बघू लागली.

आम्ही इथे राहायला आलो त्याच्या आधीच काकी गेल्या होत्या. गुलब्याचा जोडीदार चांद्या मात्र मी पाहिला होता. तो गेला तेव्हा गुलब्याने खाणं सोडलं. डॉक्टर तपासून गेले, म्हणाले आजार काही नाही. मी पुस्तकात शोधलं. जोडीतला एक गेल्यावर मागे राहणाऱ्याला काय होतं यावर एक धडा होता, पण त्यातला शब्द मला मराठीत सांगता येईना. 'विरहाची चिंता' असं काहीतरी मी म्हणाले. काकांना कळेना. मग मी धडाच सांगितला, की तो दाराकडे बघत राहतो, जेवत नाही, रिकामी जागा रिकामीच ठेवतो.

"झुरतो," काका म्हणाले. "सरल सांग ना."

त्या दिवसापासून काका आपलं जेवणाचं ताट गोठ्यात मागवू लागले. चांद्याच्या जागेवर उभे राहून जेवायचे. काका घास घ्यायचे, मग गुलब्या घास घ्यायचा. कंपनीची माणसं ये-जा करत असताना सासरे गोठ्यात उभ्याने जेवतात, याची निलेशदादाच्या बायकोला फार लाज वाटे. तरी ती दोन्ही वेळचं ताट झाकून पाठवत असे.

निलेशदादा वाईट नव्हता. एवढ्या ट्रकांना जागा पुरत नव्हती. गोठ्याची जागा मोकळी झाली तर तिथे सिमेंटचे ब्लॉक टाकून आणखी ट्रक उभे करता येणार होते. तो कधी घाई करत नसे, गुलब्या आहे तोवर राहू दे म्हणायचा. पण काकांना त्या 'तोवर'चा धसका होता. म्हणून पुस्तकाचा शेवटचा धडा ते मला वाचू देत नव्हते. तिथवर आलो की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला सांगायचे. एकदा मी कारण विचारलं, तर गुलब्याच्या पाठीवरच्या माश्या हाकत म्हणाले, "त्या धड्याची निलेश वाट बगतोय."

उन्हाळ्यात एका सकाळी गुलब्या उठलाच नाही. मान वर करायचा, पुढचे पाय रोवायचा आणि मागचं अंग जागचं हलायचं नाही. गोदामातली माणसं पट्टे घेऊन आली, त्याला उचलून पाहिलं, तो पुन्हा बसला. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि निलेशदादाला बाजूला नेऊन सांगितलं की आता फक्त दुखू नये एवढंच बघायचं. काकांनी ते ऐकलं. त्यांनी मला निरोप पाठवला. मी ऑफिसला निघाले होते, तशीच खाली गेले. काका गादीवर, गुलब्याच्या तोंडाशी बसले होते.

"शेवटचा वाच," ते म्हणाले.

मी वाचला. बाय त्यात फार साधं लिहिते. त्याला एकटं टाकून जाऊ नका, रडू येत असलं तरी जाऊ नका. त्याला तुमचा आवाज येत राहू दे, काय बोलता ते महत्त्वाचं नाही. हात त्याच्या अंगावर असू द्या. काका प्रत्येक वाक्याला हं म्हणत होते आणि वाक्य संपायच्या आधीच तसं करत होते. मग पुढचं वाक्य आलं. मी थांबले, पण ते वाट बघत होते म्हणून सांगितलं. तुमच्या बागेत त्याला जिथे पडून राहायला आवडायचं, त्या कोपऱ्यात त्याला पुरा.

काकांनी गोठ्याच्या बाहेर बघितलं. मीही बघितलं. या गोदामापासून त्या गोदामापर्यंत करडं, सपाट, तापलेलं.

"येवढी जागा माजी," ते म्हणाले. "न् माती कुठं हाय?"

निलेशदादा दारातच उभा होता. मग चपला बाहेर काढून आत आला, काकांच्या शेजारी मातीवर बसला आणि त्याने गुलब्याच्या मानेवर हात ठेवला.

"इथेच, बाबा. गोठ्यातच."

"न् तुजे ट्रक?"

"राहतील रस्त्यावर."

दुपारी गुलब्या गेला. तोवर काका त्याच्याशी बोलत होते. बोलण्यात काही अर्थ नव्हता. कुठल्याशा वर्षी भात किती उंच झालं होतं, कोणाच्या लग्नाला कोण रुसलं होतं, असलंच काही. इब्राहिमचाचा आले, ते खुर्चीवर बसून राहिले. खड्डा गोठ्याच्या आतच खणला. खाली काळी माती लागली, ओलसर. खणणारी माणसं बिहारची होती. त्यांतला एक म्हणाला, यहाँ तो धान होता होगा.

पुढे ब्लॉकवाला माप घ्यायला आला तेव्हा निलेशदादाने त्याला परत पाठवलं. काकांनी मात्र मला बोलावणं बंद केलं. संध्याकाळी मी गॅलरीत उभी राहायचे. खुर्ची रिकामी असायची, काका कुठेतरी गेलेले असायचे. आई म्हणाली, म्हातारा आता कशाला वाचून घेईल? मलाही तसंच वाटलं.

मग एका संध्याकाळी ते इमारतीखाली उभे दिसले. मी पुस्तक घेऊन खाली उतरले. "ता नको," काका म्हणाले. "चल, फिरून येव."

गुलब्याला ते रोज संध्याकाळी फिरवून आणायचे, पण मी कधी बरोबर गेले नव्हते. आम्ही गोदामांच्या मधून निघालो. काका मोकळ्या अंगणातून सरळ चालले होते, आणि मधेच, जिथे काहीच नव्हतं, तिथे काटकोनात वळले. थोडं पुढे जाऊन पुन्हा वळले. मी मागोमाग वळले. विचारावं की नाही, ते ठरत नव्हतं.

"कोपऱ्याचा खाचर," काका म्हणाले आणि जिथे भाताचा तो तुकडा होता, ते डावीकडचं सिमेंट दाखवलं. "तुजी काकी लावनी करायची ती इकडून. आमची भाकर तिथं यायची, त्या शटरच्या जागी." ते बोलता बोलता चालत होते. गुलब्या वासरू असताना काकींनी त्याला हाताने पेज पाजली होती. सिमेंट पडल्यावर काकांनाच बांध कुठला ते समजेना, पण गुलब्या बरोबर वळायचा. काका दोर ढिला सोडायचे आणि त्याच्या मागून जायचे. शेती होती तेव्हा निलेश लहान होता, शाळेसाठी ठाण्याला मामाकडे, त्याला यातलं काही ठाऊक नाही. काकी गेल्या, चांद्या गेला, आता हाही गेला.

"आता मना येकल्यालाच ठाव," ते म्हणाले. "मी पन इसरतो कवा कवा. काल त्या पान्याच्या पाटाजवल चुकलो." थोडं थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्हनून तुना दावतो."

तेवढ्यात एक मोठा ट्रक वळून अंगणात आला आणि आमच्यासमोर थांबला. ड्रायव्हरने हॉर्न दिला. आजूबाजूला एवढी जागा असताना हे दोघे मधूनच का चाललेत, हे त्याला कळेना. डोकं बाहेर काढून तो म्हणाला, "चाचा, साइड से निकल जाओ ना. बीच में क्या है?"

"बांध हाय," काका म्हणाले.

ड्रायव्हरने सिमेंटकडे बघितलं. मग काकांकडे, मग माझ्याकडे. त्याला काय समजलं कोण जाणे, पण त्याने इंजिन बंद केलं. काका पुढे, मी त्यांच्या मागे, ते पाय टाकतील तिथेच पाय टाकत, आम्ही बांधावरून पलीकडे गेलो.