आधी सत्कार, मग कॉम्प्युटर

सत्कार झाल्याशिवाय ज्ञान देता येत नाही आणि सत्कार झाल्यावर ज्ञान द्यायला वेळ उरत नाही, या दोन भक्कम खांबांवर ग्रामीण तंत्रशिक्षण उभं आहे.

सन १९९६ मध्ये बारामतीच्या एका संगणक प्रसार केंद्रानं बुद्धघोषला फिरता निदेशक म्हणून हंगामी नेमलं. अट सोपी होती. एका जरी प्रशिक्षणार्थीनं परीक्षकांसमोर कॉम्प्युटर चालू करून स्वतःचं नाव टाइप केलं, तर नोकरी कायम. नाही तर घरी. बुद्धघोषला नोकरी हवी होतीच, शिवाय शिकवायची मनापासून हौस होती (नियमावलीत याची तरतूद नव्हती). मॉनिटर गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन तो एसटीनं कऱ्हाटी गावाला जाई. कंडक्टर मॉनिटरचं अर्धं तिकीट फाडत.

कऱ्हाटीत लाईट दहाला यायची आणि बाराला जायची. दहाच्या ठोक्याला गावचे कायमचे सूत्रसंचालक सर्जेराव आबा माईक हातात घेत. आजी सरपंच, माजी सरपंच, इच्छुक सरपंच, सोसायटीचे चेअरमन अशा क्रमानं टोपी, टॉवेल, नारळ. मग ज्यांचं नाव अनवधानानं राहिलं ते रुसून उठत. त्यांना पारापासून परत आणावं लागे. रुसलेल्या माणसाला टॉवेल चालत नाही, शाल लागते. त्यामुळे जाणती मंडळी आपलं नाव राहून जाईल अशी आधीच व्यवस्था करत.

"सर, आदी बटन तरी दाबून दावा, मग काय ती नारळं फोडा," प्रशिक्षणार्थी सिंधुबाई एकदा भर सभेत म्हणाल्या. सडेतोड विचारांबद्दल त्यांचा तिथल्या तिथं सत्कार झाला.

पुढच्या खेपेला बुद्धघोषनं हात जोडले. "आबा, आज सत्कार नको. थेट शिकवतो."

सर्जेराव आबांचे डोळे भरून आले. "आसा निर्मोही मानूस आमी बघितला न्हाय!"

सत्कार नाकारल्याबद्दल बुद्धघोषचा इतका भव्य सत्कार झाला की लोणी भापकरहून वाजंत्री आली. वाजंत्र्यांचाही झाला.

परीक्षेच्या दिवशी बुद्धघोषनं सिंधुबाईंना बटणाशेजारीच बसवलं. इंदापूरचे परीक्षक बरोबर दहाला आले.

"आबा, पाच मिनिटं द्या, माझ्या पोटाचा प्रश्न आहे," बुद्धघोष कळवळून म्हणाला.

"तुमच्यासाठीच करतूय की! पाव्हनं पयल्यांदा आल्यात, तसंच बसवायचं व्हय?"

फेटा बांधून झाला, परिचय झाला, परिचय करून देणाऱ्याचा परिचय झाला. अखेर आभार संपले आणि सिंधुबाईंचं बोट बटणाला लागलं. लाईट गेली.

परीक्षक फेट्यावरून हात फिरवत गहिवरले. तंत्रज्ञानाविषयी एवढा आदर त्यांनी पुण्यातही पाहिला नव्हता. सगळे प्रथम श्रेणीत पास. बुद्धघोष कायम. त्याला अतोनात आनंद झाला आणि त्या आनंदाची लाजही वाटली. टाळ्यांच्या गजरात दोन्ही बुडून गेलं.

या यशाबद्दल लवकरच समारंभ ठरला आहे. अध्यक्षपदासाठी समितीनं, वाचकहो, एकमतानं आपलंच नाव सुचवलं. आपल्याला यातलं काही कळत नाही, ही समितीला अडचण वाटत नाही. सिंधुबाई अजून बटणाशीच बसल्या आहेत; पण आपलं भाषण आधी होईल. आपण "कशाला उगाच!" म्हणाल, याची नोंद घेतली आहे. फक्त फेटा कोणत्या रंगाचा, तेवढं कळवा.