खालच्या बाईंची तीन पत्रं

शिवपुत्र हिरेमठांनी नियमावली वाचायचं ठरवलं, तिथंच सगळं बिघडलं. इतर माणसं अशा कागदांवर डोळे मिटून सही करतात आणि सुखात राहतात. पण शिवपुत्रांची सगळी नोकरी सरकारी कचेरीच्या आवक-जावक विभागात गेलेली. कागद आला की तो वाचायचा, लाल पेनानं खुणा करायच्या आणि मग घाबरायचं, ही त्यांची कामाची पद्धत होती.

कागद व्हिएन्नाहून आला होता. त्यांची लेक चंद्रिका तिथं नोकरीला. पहिलं बाळंतपण तोंडावर आलेलं, आणि तिचा फ्लॅट इतका लहान की आई-वडील राहायला आले तर जावयाला जिन्यात झोपावं लागलं असतं. म्हणून तिनं आपल्याच गल्लीत त्यांच्यासाठी तीन महिन्यांकरता वेगळं अपार्टमेंट घेतलं. घरमालकानं तीस कलमांची नियमावली पाठवली. जुळे सोलापुरातल्या आपल्या हॉलमध्ये बसून शिवपुत्रांनी ती मोबाइलकडून मराठीत करून घेतली आणि फुलस्केपवर उतरवली. कलम सात असं होतं : शेजाऱ्यांना त्रास होईल असा आवाज करू नये, तक्रार आल्यास घर रिकामं करावं लागेल. त्याखाली त्यांनी दोन लाल रेघा मारल्या. त्या दिवसापासून त्यांना एकच चित्र दिसू लागलं. परका देश, थंडी, आणि आपण नवरा-बायको बॅगांवर बसून फुटपाथवर. नातवंडाचं तोंड बघायचं ते तिथूनच.

त्यांच्या पत्नी दाक्षायणीबाईंना कलमांशी कर्तव्य नव्हतं. त्यांनी ज्वारीचं सात किलो पीठ, शेंगाचटणी आणि दोन सोलापुरी चादरी भरल्या. "अव्वा, तुझ्या हातची गरम भाकरी खायचीय," एवढंच लेक फोनवर म्हणाली होती. स्टेशनवर सोडायला शेजारचा गौस आला. गाडी हलताना तो म्हणाला, "काका, आता सकाळी आमाला उठवनार कोन?" शेजारी किती जीव लावतात, या विचारानं शिवपुत्रांचे डोळे पाणावले.

व्हिएन्नातल्या पहिल्या सकाळी साडेसहाला शिवपुत्र बाथरूममध्ये आपलं रोजचं साग्रसंगीत तोंड धुणं उरकत होते. दाक्षायणीबाई स्वयंपाकघरात फरशीवर परात घेऊन बसल्या होत्या. पहिली भाकरी थापून होते न होते तोच खालून कुणीतरी छताला काठीनं टक, टक, टक केलं. शिवपुत्र तोंडाला फेस असतानाच बाहेर धावले.

"थापू नको. कलम सात."

"मग काय करू? पिठाला तोंडानं सांगू व्हय, गोल हो म्हणून?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी सोलापुरी चादरीची चौपदरी घडी परातीखाली घातली. आवाज निम्मा झाला, पण दुपारी दाराच्या फटीतून पत्र आलं. खालच्या मजल्यावर एक एकट्या म्हाताऱ्या बाई राहत, त्यांचं. अक्षर असं नागमोडी की मोबाइलला सगळ्या पत्रातला 'सकाळी' एवढाच शब्द लागला. शिवपुत्रांना तेवढा पुरला.

लेकीला दाखवावं तर तिला नववा लागलेला, डॉक्टरांनी ताण घ्यायचा नाही म्हणून बजावलेलं. जावयाला दाखवावं तर त्याच्या पोटात काही राहत नाही. शिवपुत्रांनी पत्र फाइलला लावलं आणि घरात भाकरी बंद केली. लेकीच्या घरी जाऊन थापते, असं दाक्षायणीबाई म्हणाल्या, तर तिथंही खाली कुणीतरी राहत असणारच, असं म्हणून त्यांनी तेही थांबवलं. चंद्रिकानं भाकरी मागितली तेव्हा, पिठाला कीड लागली, असं ते खोटंच बोलून गेले. दाक्षायणीबाईंना हे फार लागलं. निवडून, धुऊन, वाळवून दळलेलं पीठ ते. त्या दिवसापासून त्या नवऱ्याशी कामापुरतंच बोलू लागल्या, आणि तेही कलम सातमुळे कुजबुजत.

आठ दिवस दोघांनी पाव खाल्ला. शिवपुत्र घरात मोजे घालून चवड्यांवर चालायचे. पूजेतली घंटा त्यांनी रुमालात गुंडाळली. एवढं करूनही दुसरं पत्र आलं, मग तिसरं, आणि त्यात तर दोन शब्दांखाली रेघा मारलेल्या. आता मात्र त्यांची झोप उडाली. घरात टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकी शांतता, आणि तरी तक्रार. एकच गोष्ट काय ती त्यांनी सोडली नव्हती, ती म्हणजे सकाळचं तोंड धुणं.

नवव्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात लाल गणवेशातले दोन धिप्पाड पुरुष, आणि मागं खालच्या बाई. पोलीसच, शिवपुत्रांना शंका उरली नाही. त्यांनी हात जोडले आणि फाइल पुढं केली. त्या दोघांनी फाइल बाजूला ठेवली, त्यांना अलगद उचलून स्ट्रेचरवर आडवं केलं आणि दंडाला पट्टा बांधला. भीतीनं त्यांचं ब्लडप्रेशर एकशेनव्वदवर गेलेलं. आकडा बघून खालच्या बाईंनी क्रॉसची खूण केली.

दाक्षायणीबाईंनी फोन केला, तशी चंद्रिका धापा टाकत आली. तिनं फाइल उघडली आणि तिन्ही पत्रं ओळीनं वाचून दाखवली.

पहिलं असं होतं : 'वरचे गृहस्थ दोन दिवस सकाळी पंधरा मिनिटं ओकाऱ्यांनी तळमळतात. डॉक्टर हवा का? काल मी काठीनं टकटक करून हेच विचारलं. त्यांची पत्नी मात्र थोर. ती त्यांची पाठ थोपटते, तो आवाज मला येतो.' दुसरं : 'आता थोपटण्याचा आवाज येत नाही. बाई दमल्या का?' आणि तिसरं : 'गृहस्थ तसेच तळमळताहेत आणि बाई जवळही जात नाहीत. तुम्ही काही कळवलं नाही, तर मी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावणार.'

मग दाक्षायणीबाई कुजबुज सोडून मोकळ्या आवाजात म्हणाल्या, "अवो, ती जीभ घासायची पट्टी एवढ्या आत घालू नका म्हणून पस्तीस वर्षं सांगायलेय की मी."

चंद्रिका हसायला लागली. हसता हसता खाली बसली, आणि बसल्या बसल्या तिचा चेहरा बदलला. गणवेशवाल्यांनी तिच्याकडं बघितलं, एकमेकांकडं बघितलं, आणि शिवपुत्रांना चटकन स्ट्रेचरवरून खाली उतरवलं. आलेली अ‍ॅम्ब्युलन्स वाया गेली नाही. संध्याकाळी मुलगी झाली.

दुसऱ्या दिवशी फरशीवर, चादरीशिवाय, भाकऱ्या थापल्या गेल्या. डब्यातून चार दवाखान्यात गेल्या, एक खालच्या बाईंकडं. शिवपुत्रांनी आनंदाची बातमी द्यायला गौसला फोन लावला. गौसनं मुबारकबाद दिली, घरच्या सगळ्यांची ख्यालीखुशाली सांगितली आणि मग जरा घुटमळला.

"काका, एक काम हुतं. ते तुमचं सकाळचं तोंड धुनं मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवता का? तुमी गेल्यापास्नं पोरांची शाळेची बस रोज चुकायलीय."

शिवपुत्रांनी पाठवलं. रेकॉर्ड करायच्या आधी तेवढं बाथरूमचं दार लावून घेतलं.