तारमास्तरांची मोगऱ्याची कॉफी

आमच्या शेजारचे तारमास्तर कॉफी आधी नाकाने प्यायचे. कपावर पालथा पंजा ठेवायचा, अंगठ्याशी जरा फट ठेवायची, त्या फटीत नाक घालायचं आणि डोळे मिटून बसायचं. या अवस्थेत घरावर दरोडा पडला असता तरी ते उठले नसते. डोळे उघडले की एकच शब्द बाहेर यायचा. "गुलाब." किंवा "बकुळ." आणि बेत फसला असेल तर, "रद्द."

उभी हयात तारखात्यात गेलेली. शब्दाला पैसे पडतात हे इतकं हाडीमासी भिनलं होतं, की पेन्शनीत निघाल्यावरही ते तारेतच बोलायचे. भद्रकालीत त्यांच्या शेजारी आम्ही बिऱ्हाड केलं, त्या दिवशी त्यांनी गॅलरीतून मला विचारलं, "कारकून? नगरपालिका? चहा पिता?" मी तिन्हींना होकार दिला. तिसऱ्या होकाराला त्यांनी खेदाने मान हलवली. "वाईट. संध्याकाळी या."

संध्याकाळी गेलो आणि बाटलो. आमच्या घरी कॉफी म्हणजे एकादशीला, जायफळ घालून. हे सांगितल्यावर ते म्हणाले, "जायफळ? बाळगुटीत!" मग त्यांनी पुढे केलेल्या कपातून गुलाबाचा असा वास आला, की मी वळून मागे पाहिलं. मला वाटलं, कोणी तरी लग्नाच्या बोलावण्याला आलंय.

ही विद्या त्यांनी दोन ठिकाणांहून उचलली होती. कॉफी हुबळी-धारवाडकडच्या नोकरीतून आणि फुलं आमच्याच आळीच्या टोकाच्या करीमभाई अत्तरवाल्यांकडून. करीमभाई तीळ आणि फुलं थराथराने मुरवून सुवासिक तेल काढायचे. तारमास्तरांनी तिळाच्या जागी भाजलेली कॉफी घातली. चिनी मातीच्या बरणीत तळाला बिया, त्यावर मलमलीचा तुकडा, मलमलीवर ताज्या कळ्या, पुन्हा मलमल, पुन्हा बिया. सकाळी कोमेजलेल्या कळ्या काढायच्या, संध्याकाळी नव्या भरायच्या. अशी तीन पुटं दिल्याशिवाय बरणीला हात लावायचा नाही. करीमभाई हसायचे. "मास्तर, आम्ही पिढ्यान् पिढ्या लोकांच्या कानात अत्तराचा फाया ठेवतोय, तुम्ही एकदम पोटात घातला!"

पोटात घातलेलं सगळंच पचायचं असं नाही. सोनचाफ्याच्या कॉफीने एकदा आळीतली सात माणसं दुपारभर डोकं धरून बसली होती. त्यांत मी एक. तारमास्तर प्रत्येकाच्या घरी जाऊन सुंठेचा लेप देऊन आले आणि प्रत्येकाला विचारून आले, "पण वास?" डोकं फुटत असतानाही आम्हाला कबूल करावं लागलं, की वास अप्रतिम होता.

आळीला त्यांचा फार अभिमान होता. तेव्हा चहाच्या प्रचाराची एक गाडी गावोगाव हिंडायची. फोनोग्राफ वाजवायचा, लोक जमले की फुकट चहा पाजायचा. ती गाडी आमच्या आळीत आली, त्या दिवशी तारमास्तरांनी समोरच्या ओट्यावर शेगडी मांडली. ना गाणं, ना भाषण. नुसतं किटलीचं झाकण उघडलं. हां हां म्हणता गर्दीने गाडीकडे पाठ केली. शेवटी चहा पाजणारा माणूस स्वतःच ओट्यावर आला, कप संपवला आणि म्हणाला, "साहेब, अजून अर्धा मिळेल का?" तारमास्तरांनी कप भरला आणि इतकंच म्हणाले, "गुलशनाबाद." मोगलांनी आपल्या गावाला गुलाबांवरून हे नाव दिलं होतं, ते त्या दिवशी आम्हा सगळ्यांना एकदम आठवलं आणि आमच्या छात्या उगाचच फुगल्या.

पण ज्याची वाहवा हवी, तो माणूस घरातच होता आणि बधत नव्हता.

तारमास्तरांची बायको कधीच वारली होती. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण आक्का. आक्का लाल आलवणातल्या, साठी उलटलेल्या, काटक, कमी बोलणाऱ्या. कॉफी झाली की पहिला कप आक्कांचा. तो स्वयंपाकघरात पोचवून तारमास्तर दाराशी कान देऊन उभे राहायचे. आतून आवाज यायचा, "विनू, दूध करपलंय." कधी, "विनू, साखर हात सैल सोडून घातलीस." कधी नुसतंच, "बरी आहे." फुलाचा उल्लेख नाही. मी शेजारी राहायला आल्यापासून सात वर्षांत एकदाही नाही. मोगरा असो, बकुळ असो, प्राजक्त असो, आक्कांच्या लेखी ती कॉफी होती, बस.

तारमास्तर तेवढ्याने खट्टू होऊन बाहेर यायचे. मी एकदा म्हटलं, "अहो, सगळी आळी नावाजते, मग आक्कांचं कशाला मनावर घेता?" ते म्हणाले, "एकदा. फुलाचं नाव. पुरे." मला वाटलं, कलावंताचा अहंकार, दुसरं काय! आक्कांना वास येत नसावा, अशी शंकाही मी बायकोजवळ बोलून दाखवली. ती म्हणाली, "तुम्हाला काही कळत नाही."

त्या वर्षी चैत्रात आमच्याकडे हळदीकुंकू होतं. बायकोने पन्ह्याचा बेत ठरवला होता. तारमास्तरांनी गॅलरीतून ऐकलं आणि म्हणाले, "पन्हं सगळीकडे. मोगरा फक्त इथे. बरणी घ्या." तीन पुटं दिलेली आख्खी बरणी त्यांनी आम्हाला दिली, घरात चमचाभरही ठेवली नाही. तीस बायका कॉफी प्यायल्या. कोणी दुसरा कप मागितला, कोणी कृती मागितली, एका जाड्या मामींनी तर तारमास्तरांना पुण्याला येण्याचं आमंत्रण दिलं. तारमास्तर त्यांच्या गॅलरीत उभे राहून सगळं ऐकत होते आणि मिशीतल्या मिशीत फुलत होते.

आक्का भिंतीपलीकडेच होत्या. विधवेला हळदीकुंकवाला कोण बोलावतं? आम्हीही बोलावलं नाही आणि तेव्हा मला त्यात काही वावगंही दिसलं नाही. आता लिहिताना लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिकामी बरणी परत द्यायला गेलो. तारमास्तरांनी साधीच कॉफी केली होती. कप आत गेला. आज दाराशी कान द्यायचं काही कारण नव्हतं, म्हणून ते माझ्याजवळ बसून कालची कौतुकं पुन्हा ऐकत होते. तेवढ्यात आक्का कप हातात घेऊन बाहेर आल्या.

"विनू, आज मोगरा नाही घातलास?"

तारमास्तर उभे राहिले.

"संपला," ते कसेबसे म्हणाले.

"सगळा दिलास?"

"सगळा."

"बरं," म्हणून आक्का आत वळल्या. त्यांची पाठ मला दिसली. इतकी वर्षं ज्या शब्दासाठी हा माणूस दाराशी उभा राहिला होता, तो शब्द आला होता, आणि तारमास्तरांचं तोंड मात्र चोरी पकडल्यासारखं झालं होतं.

ते मटकन खाली बसले आणि बोलायला लागले. तारेत नव्हे, माणसासारखे.

"मी आठ वर्षांचा होतो. आक्का चौदाची. मोगऱ्याचं वेड होतं तिला. आमच्या अंगणातल्या वेलाची एक कळी झाडावर राहू द्यायची नाही, गजरे करून आळीभर वाटायची. नवरा गेला, तिला घरी आणली. न्हाव्यापुढे बसवली तेव्हा ती रडली नाही हो. आईने डोक्यातला गजरा काढून घेतला, तेव्हा रडली. त्यानंतर फुलाचं नाव नाही काढलं तिने. देवाची परडीसुद्धा मलाच भरायला लावते. डोक्यात फूल घालायची बंदी आहे, मान्य. पण कॉफीत घालायची बंदी शास्त्रात कुठे आहे? मी दोन भटजींना विचारून आलो! म्हटलं, निदान पोटात तरी जाऊ दे. आणि काल मी, गाढवाने, चार लोकांच्या शाबासकीसाठी तिचा मोगरा वाटून टाकला."

माझी बायको आमच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं असावं, कारण ती आत गेली आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या, कालच्या हळदीकुंकवातून उरलेल्या कळ्या घेऊन आली. कोणाला न विचारता ती थेट आक्कांच्या स्वयंपाकघरात गेली. आम्ही दोघे मागोमाग.

"आक्का, मोगरा," ती म्हणाली.

"तीन पुटं लागतात," तारमास्तर मागून पुटपुटले. "तीन दिवस."

"तू गप रे," आक्का म्हणाल्या. त्यांनी फडक्यातली एक कळी उचलली. हुंगलेलं फूल देवाला चालत नाही, म्हणून आमच्याकडे बायका फूल नाकापासून लांब धरतात. आक्कांनी ती कळी नाकाशी नेली आणि चांगली पोटभर हुंगली. मग कपात टाकली आणि निवलेली कॉफी हळूहळू सगळी प्यायल्या. तारमास्तर ताठ उभे राहून बघत होते. पोराला पहिला नंबर मिळताना बाप बघतो तसे. गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायचं त्यांना सुचलंही नाही.

कप खाली ठेवून आक्कांनी माझ्या बायकोच्या डोक्याकडे पाहिलं. कालचा गजरा अजून तिथेच होता.

"कोणी केला गं हा? गाठी सैल आहेत. दुपारपर्यंत निम्म्या कळ्या गळतात असल्या गजऱ्याच्या." मग जरा थांबून, आवाज खाली आणून म्हणाल्या, "मी करून दिला तर घालशील?"

विधवेच्या हातचा गजरा सवाष्णीने माळायचा नसतो, हे माझ्या बायकोला तिच्या आईने शिकवलेलं होतं. मला ते ठाऊक होतं, आक्कांनाही ठाऊक होतं.

"घालीन की," बायको म्हणाली. "दोरा कुठे ठेवलाय, आक्का?"