समोरच्या दुकानाची निर्यात

या, जरा पुढे सरकून बसा. ज्यांचा मागे टेकून डुलक्या काढायचा बेत असेल त्यांनी तर अगदी पुढे या. सुनेला घरात ठेवण्यासाठी एका सासूने अख्ख्या गल्लीचा आर्थिक विकास कसा घडवला, ते ऐका.

ही सासू बटणं विकायची. समोर बारा पावलांवर टेलरमास्तरांचं दुकान. मास्तर मशीनवरूनच ओरडायचे, "वहिनी, पांढरी, चार भोकांची, डझनभर!" की इकडून पुडी भिरकावली जायची. वीस वर्षांत एकदाच नेम चुकला, तोही मास्तरांच्या चहात.

सून कोपऱ्यावरच्या पार्सल केंद्रात कामाला. एकदा जेवताना ती म्हणाली, "आई, या महिन्यात शंभर पार्सलं गेली नाहीत तर केंद्र बंद. माझी बदली शहरात. मग आम्हा दोघांनाही जावं लागेल."

"जा की. तेवढीच घराला शांतता," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी भाजीत दुसऱ्यांदा मीठ घातलं.

सकाळी मात्र त्यांनी गल्ली गोळा केली. "सुनेचं केंद्र बंद पडू द्यायचं नाही. आजपासून कुणी कुणाच्या हातात काही द्यायचं नाही. सगळं फोनवरून मागवायचं."

"अहो, पण मला समोरूनच बटणं हवीत!" मास्तर कळवळले.

"मागवा ना. शहरात जातील, तिथून फिरून येतील. तीन दिवसांचा तर प्रश्न."

"आणि हा खटाटोप त्या सुनेसाठी? तुमचं तर तिच्याशी पटत नाही!"

"नाही पटत. पण न पटायला तरी ती इथे नको का?"

गल्ली कामाला लागली. घड्याळजीने किल्लीवाल्याकडून तीन किल्ल्या मागवल्या. त्याच्या घरात कुलूप एकच. किल्लीवाल्याने घड्याळ मागवलं, ते बारा पावलं चालून जायला पाच दिवस लागले आणि पोचलं तेव्हा बंद पडलेलं होतं. त्याने ते दुरुस्तीला पाठवलं, म्हणजे आणखी दोन पार्सलं. आठ दिवसांत शंभरी गाठली. पण सासूबाईंचा जीव काही भांड्यात पडेना. "थांबू नका रे, ऐनवेळी आकडा घसरला तर?"

इकडे विकास कार्यालयातल्या साहेबांच्या पडद्यावर ही गल्ली एकदम चमकू लागली. निर्यात तिप्पट! आयातही तिप्पट! साहेबांनी जाहीर सत्कार ठरवला आणि सत्कारासाठी तपकिरी कोट शिवायला टाकला. कुणाकडे? मास्तरांकडेच.

कोट झाला, फक्त बटणं राहिली. तसली तपकिरी बटणं सासूबाईंकडे शेवटची सहा होती आणि नियमाप्रमाणे ती शहराच्या वाटेला लागली होती. सत्काराच्या सकाळी ती परत केंद्रात आली. मास्तर धावतच पोचले.

"सूनबाई, ते बघ माझं पाकीट! दे पटकन."

"देता येणार नाही, मास्तर. त्याची नोंद चुकून पुन्हा शहराकडे झालीय."

"अगं, समोर दिसतंय की!"

"दिसतंय. पण कागदोपत्री ते इथे नाही."

"म्हणजे देवासारखंच झालं," मास्तर कपाळाला हात लावून म्हणाले. "आहे सगळीकडे, हाताला मात्र लागत नाही."

शेवटी साहेब टाचण्या लावलेल्या कोटात भाषणाला उभे राहिले. श्वास जपून घेत होते. "डिजिटल व्यवहारांनी या भागाचा कायापालट केला! आणि ज्यांच्या केंद्रातून हे घडलं, त्या ताईंना बढती मिळत आहे." साहेबांनी दम घेतला, तशी एक टाचणी टणकन उडाली. "शहरातल्या मुख्य केंद्रात!"

टाळ्या वाजल्या. सासूबाई तेवढ्या उठून उभ्या राहिल्या.

"साहेब, खोटं आहे हो सगळं! आम्ही समोरासमोरच्या माणसांनी एकमेकांना माल पाठवलाय!"

"माल गेला ना?"

"गेला."

"आला ना?"

"आला, पण..."

"पावती आहे ना? मग बाई, वाढ म्हणजे आणखी वेगळं काय असतं?"

"मला वाढ नको, मला सून हवी!" सासूबाई भर मंडपात ओरडल्या आणि आपण काय बोललो ते कळल्यावर पदर तोंडाला लावून खाली बसल्या.

सून व्यासपीठावरून उतरून शेजारी येऊन बसली. "आई, हे घरी कधी बोलला नाहीत ते?"

"घरी तू ऐकून घेतेस कुठे?"

सोमवारी मुलगा आणि सून शहराला गेली. गुरुवारी सासूबाई पार्सल केंद्रात आल्या. हातात स्वतः विणलेला स्वेटर होता. पत्ता त्यांनी तीनदा तपासला. त्या खटाटोपानंतर गल्लीतून खरोखर बाहेरगावी निघालेलं आणि फिरून परत न आलेलं ते पहिलं पार्सल.

तेव्हा मंडळी, घरी गेलात की हात जोडून देवाचं नाव घ्यालच. त्या नावामागोमाग या भांडकुदळ माउलीचीही आठवण काढा, एवढीच विनंती.