गंगारामांच्या पासवर्डाचे चार हिस्सेदार

देवबागच्या गुणाजीच्या चार खोल्यांच्या निवासाला एक वेबसाइट होती आणि सन २०१० च्या एप्रिलात तिला कुलूप लावणं भाग पडलं. पुण्याच्या एका सहल कंपनीने कळवलं होतं, की ज्यांच्या साइटच्या पत्त्याशेजारी कुलपाचं चित्र दिसेल, त्यांच्याकडेच मे महिन्यातली गिऱ्हाइकं पाठवली जातील. मुदत तीस एप्रिल, सायंकाळी पाच. कंपनीच्या पुस्तिकेत साइटचं नाव छापून झालं होतं, तेव्हा नाव बदलायची सोय नव्हती. गुणाजीच्या बायकोने, हिराने, खोल्या रंगवल्या होत्या, नव्या चादरी आणल्या होत्या. अख्खं वर्ष त्या एका महिन्यावर निघायचं.

मालवणात कॉम्प्युटरचं दुकान चालवणाऱ्या अनिशने काम समजावून सांगितलं. कुलपाचं सर्टिफिकेट मिळतं, पण त्यासाठी साइटला स्वतंत्र जागा घ्यावी लागते आणि त्या जागेचा आकडा डोमेनच्या नोंदवहीत, म्हणजे डीएनएसमध्ये, चढवावा लागतो. शिवाय सर्टिफिकेटवाले खात्रीची मेल पाठवतात. ती कुठे यावी, तीही नोंद हवी.

"दोन नोंदी, काका. धा मिनटांचा काम. पासवर्ड सांगा."

गुणाजीला त्यातली तीनच अक्षरं ठाऊक होती.

त्याचं असं होतं. साइट उघडली ती गुणाजीच्या वडिलांनी, कैलासवासी गंगारामांनी. गंगाराम देवळाचे मानकरी. देवाच्या दागिन्यांच्या पेटीला चार कुलपं आणि चार किल्ल्या चार घरांत. दागिने इतकी वर्षं शाबूत राहिले ते देवाच्या कृपेने नव्हे, तर या चार घरांचं आपसांत पटत नाही म्हणून, हे त्यांचं ठाम मत. तेव्हा त्यांनी बारा अक्षरांचा पासवर्ड केला आणि तुळशीपुढे शपथ घालून चार मुलांना तीन-तीन अक्षरं वाटून दिली. पुढच्याच वर्षी ते समाधानाने वारले.

डोमेन कंपनीला पत्र गेलं. उत्तर आलं, 'मूळ मालकांनी स्वतः सहीनिशी अर्ज करावा.' मालक वारले असं कळवल्यावर दुसरं उत्तर आलं, 'तसे मालकांनी लेखी कळवावे.' गुणाजीने कपाळावर हात मारला आणि भावंडांकडे वळला.

थोरला दत्ताराम मुंबईला. फोनवर म्हणाला, "तीन अक्षरां मरे? आत्ता दितंय. पण मे महिन्यात आमका एक खोली होयी. सात जणां आसंव." अक्षरं मिळाली, पण गिऱ्हाइकांसाठी तीनच खोल्या उरल्या.

मधला भाई त्याच घरात, भिंतीपलीकडे. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त. पन्हळीच्या पाण्यावरून दोघांत तीन वर्षं अबोला होता आणि अबोल्यात भाई फक्त कचेरीची मराठी बोलायचा.

"अर्ज द्या."

अर्जावर आवक क्रमांक पडला. भाईने आपल्याच ओटीच्या खांबाला नोटीस डकवली, हरकती पंधरा दिवसांत.

"भाई, हरकत कोण घेतलो?"

"मी घेऊ शकतो."

आणि चौदाव्या दिवशी त्याने खरंच घेतली. स्वतःपुढे सुनावणी झाली, स्वतःचा युक्तिवाद स्वतःला पटला नाही, हरकत फेटाळली गेली. मग मोहोरबंद पाकिटातून तीन अक्षरं मिळाली. तारीख सत्तावीस.

राहिली विमला, खारेपाटणला दिलेली बहीण. गुणाजी एस्टीने गेला. दोन वर्षांत तिच्याकडे कुणी फिरकलं नव्हतं, तरी तिने आधी जेवायला वाढलं. अक्षरांचं नाव काढल्यावर ती उठली आणि ट्रंकेतून एक कागद घेऊन आली.

"वाच."

ते हक्कसोडपत्र होतं. मसुदा भाईचा. 'सदर मिळकतीतील चल-अचल, ज्ञात-अज्ञात, चालू व भविष्यातील सर्व बाबींवरील माझा हक्क मी राजीखुशीने सोडीत आहे.'

"अक्षरां माका पाठ आसत," विमला म्हणाली. "पण ती ज्ञात-अज्ञातात इली. आता ती तुमची. दुसऱ्याची वस्तू मी कशी देव?"

"गो बाय, असा काय करतंस! आपण काय कोर्टात आसंव?"

"भाऊबीजेक ओवाळूक इल्लंय मी. ताट खाली ठेवच्या आधी सही घेतल्यात. तो कागद रद्द करा, घटकेत सांगतंय."

गुणाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एस्टीत तो कणकवलीपर्यंत रडला. बहिणीचं वाईट केलं, फार वाईट केलं, असं त्याने शेजारच्या अनोळखी माणसालाही सांगितलं.

तीस तारखेला दत्ताराम घरच्या सहा जणांना घेऊन हजर झाला. भाई भिंत ओलांडून आला. तीन वर्षांत पहिल्यांदाच तिघे भाऊ एका ओटीवर बसले.

"पत्र रद्द केल्यास," भाई म्हणाला, "विमलाबाईंचा चौथा हिस्सा पुनश्च अस्तित्वात येतो."

"म्हणजे?" गुणाजीने विचारलं.

"म्हणजे तुझ्या चारांतली एक खोली."

"खंयची?"

"ती म्हणेल ती."

गुणाजीच्या डोळ्यांपुढे समुद्राकडची खोली आली, सगळ्यांत जास्त भाडं तिलाच यायचं. आतून हिरा कळवळून ओरडली, "देवन टाका ओ तिका खोली! सगळ्यो रिकाम्यो ठेवच्यापेक्षा उरलेल्यो तरी भरतीत!" पण हिरा हिस्सेदार नव्हती, त्यामुळे तिचं म्हणणं नोंदवलं गेलं नाही.

चार वाजता चहा झाला. पाच वाजले. सव्वापाचला अनिशचा फोन वाजला, तो कुणीच घेतला नाही. मे महिन्यातली गिऱ्हाइकं पलीकडच्या वाडीत उतरली, हिराने नव्या चादरी घड्या करून कपाटात ठेवल्या आणि ती आठवडाभर नवऱ्याशी बोलली नाही. भावांचा अबोला मात्र कायमचा मिटला. संध्याकाळी तिघे एकत्र बसतात आणि भाईच्या मसुद्याला दाद देतात, की पठ्ठ्याने एक अक्षरही सुटू दिलं नाही.

त्या मसुद्याला आता फोंडाघाटापर्यंत मागणी आहे. दिवाळीच्या सुमारास तर भाईला लिहिता लिहिता हात पुरत नाहीत. वाचकांपैकी कुणाला प्रत हवी असल्यास भाईकडे साध्या कागदावर अर्ज करावा. अर्थात आपल्याला लागायची नाही म्हणा. आपल्या बहिणीने सही करून बरीच वर्षं झाली असतील.