साक्षीदाराच्या ओळीत आई

लग्नाच्या नोंदीत बाबांच्या नावासमोर मावशीचं नाव दिसलं, तेव्हा मास्तरांच्या तोंडात चहाचा घोट होता. तो घोट कीबोर्डवर गेला आणि मास्तर खुर्चीत ताठ झाले.

तसे ते शाळेत भूगोल शिकवायचे. पण येत्या रविवारी आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार म्हटल्यावर घराण्याची वंशवेल काढायची, चौकटीत घालायची आणि चर्चमध्ये सगळ्यांसमोर द्यायची, असं त्यांच्या डोक्यात शिरलं. बाप्तिस्मे, लग्नं, दफनं, चर्चच्या साऱ्या जुन्या नोंदी आता कॉम्प्युटरवर चढवलेल्या होत्या. नाव टाका, माणूस हजर! पणजोबा सापडले, पणजोबांचे कधी न ऐकलेले भाऊ सापडले. आईबाबा तेवढे घरचंच काम म्हणून मागे ठेवले होते. खाजवून खरूज काढणं म्हणतात ते हेच.

"अगं, धाव! बाबांनी मावशीशी लग्न केलंय!"

बायको ओल्या हातांनी आली. "अहो, हळू! कुठल्या मावशीशी?"

"मावश्या आहेत किती आपल्याला? एकच! वरच्या मजल्यावरची!"

तिने वाचलं. वर: बाबा. वधू: मावशी. साक्षीदार: आई. पुन्हा वाचलं आणि मटकन स्टुलावर बसली.

"म्हणजे सासूबाईंच्या डोळ्यांदेखत?"

"कुणाला बोलू नकोस," मास्तर कळवळून म्हणाले.

तिने कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नाही. फक्त नणंदेला फोन केला, आणि नणंद काही परकी नव्हे. नणंद रिक्षा करून रडतच आली. "दादा, मग आपण कोणाची रे?"

दुपारी नेहमीप्रमाणे मावशी खाली जेवायला आली. लग्न न केलेली, ताडताड बोलणारी, आईची थोरली बहीण. "मीठ हवंय का?" तिने बाबांना विचारलं आणि नणंदेला हुंदकाच फुटला. बाबा जन्मभर घड्याळं दुरुस्त करत आलेले. त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "हिची रडायची वेळ झाली वाटतं."

मास्तरांनी मनाची समजूत घातली. कॉम्प्युटरवर चढवणाऱ्यानेच घोळ घातला असेल, मूळ वहीत सगळं नीट असेल. ते तडक चर्चच्या कचेरीत गेले. कारकुनाने कपाटातून वही काढून उघडली. वधूच्या ओळीत मावशीची लफ्फेदार सही होती. साक्षीदाराच्या ओळीत, खाली कोपऱ्यात, आईची.

"वहीत ज्यांच्या सह्या, तीच नावं आम्ही चढवली," कारकून गुरगुरला. "आमची चूक दाखवा!"

शेजारी उभ्या फादरनी चष्मा वर केला. "अरे देवा! रविवारी ही नोंद मी सगळ्यांसमोर वाचून दाखवणार होतो."

"वाचू नका, फादर! आईची शोभा होईल!"

"मग आधी दुरुस्ती करू. पण तिघांनी समोर येऊन सह्या करायला हव्यात."

म्हणजे आईला सांगणं आलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. संध्याकाळी मास्तरांनी सगळ्यांना बसवलं आणि त त प प करत एकदाचं सांगून टाकलं.

बाबांचा आ वासला तो मिटेचना. मावशी आधी बघतच राहिली, मग खो खो हसत सुटली. "अगं बाई! वही पुढ्यात आली, पहिली रिकामी ओळ दिसली, केली सही. चष्मा कुठे होता तेव्हा! म्हणजे हा इतकी वर्षं माझा नवरा? मग ऊठ रे, माझ्या खोलीतला पंखा पुसून दे. कधीची सांगतेय!"

आई मात्र शांतपणे शेंगा सोलत होती.

"आई, धक्का नाही बसला तुला?"

"धक्का कसला? मला ठाऊक होतं."

आईने सोललेली शेंग ताटात टाकली.

"सही करताना वाचलं की मी. लिहिलं होतं, साक्षीदार. बोलणारच होते. पण बाजूला बघितलं, तर हे आपले घड्याळात बघत बसलेले. हे लग्न करशील का, असं मला कुणी विचारलंही नव्हतं. ना यांनी, ना घरच्यांनी. म्हटलं, असू दे. एक दार तरी उघडं राहील."

"दार?" बाबांचा आवाज चिरकला.

"भांडण झालं की वाटायचं, आपल्याला जाता येतं. मग वाटायचं, आज भाजी चिरून झालीय, उद्या बघू." आईने शेंगांचं ताट उचललं. "आता तुम्ही दार लावायला निघालात. मी सही करीन की नाही, विचार करून सांगते."

बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. रविवारपर्यंत त्यांनी चहा केला, अंथरुणं काढली, न सांगता पंखाही पुसला. आईने कौल काही दिला नाही, म्हणून दुरुस्ती रविवारवरच आली. वंशवेलीतली दोन घरं रिकामीच राहिली, आणि मास्तरांना तर अन्न गोड लागेना.

रविवारी चर्च भरलं होतं. फादरनी वही उघडली, दुरुस्तीसाठी ओळी आखल्या आणि आईकडे पाहिलं. आई जागची हलेना. लोक कुजबुजू लागले. तेवढ्यात बाबा उठले, तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"माझ्याशी... लग्न करशील का?"

आईने त्यांच्या रिकाम्या मनगटाकडे पाहिलं. "घड्याळ कुठंय तुमचं?"

"घरी ठेवून आलो."

आईचे डोळे भरून आले. "करते," ती म्हणाली, आणि पहिली टाळी मावशीने वाजवली.

बाबांनी घाईघाईने पेन घेतलं, सही केली, डोळे पुसले आणि पेन आईला दिलं. आई वाकली आणि तशीच थांबली. वधूच्या ओळीत बाबांची सही होती.

"अरेरे!" फादर खोडरबर शोधू लागले. मास्तर डोकं धरून बाकावर बसले.

"राहू द्या, फादर," आई म्हणाली. "दार जरा किलकिलं असलेलं बरं." आणि वराच्या ओळीत तिने ठसठशीत सही ठोकली.